पोच नसलेली तक्रार : डॉ. पायल तडवी प्रकरण

सरकारी कामाची सवय असलेला माणूस अर्जाच्या दोन प्रती घेऊन जातो. एक टेबलावर द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन परत यायचं. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं धरतात, हे तलाठ्याच्या कचेरीत दोन खेटे घातलेल्या कुणालाही कळतं. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला मात्र हे कुणी सांगत नाही. प्रवेशाच्या रांगेत त्याच्याकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून घेतात. तेही बऱ्याचदा सायबर कॅफेवाला भरतो, स्वतःचाच ईमेल टाकून.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात, तिथेच पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी हिने आत्महत्या केली. वय २६. पुढच्या काही दिवसांत दोन विधानं वर्तमानपत्रांत शेजारी शेजारी छापून येत होती. कॉलेज म्हणत होतं, आमच्याकडे लेखी तक्रार आलेली नाही. घरचे म्हणत होते, आम्ही पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मी एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात शिकवते आणि तिथल्या रॅगिंगविरोधी समितीवर आहे. त्यामुळे ही दोन्ही विधानं वाचून मी बराच वेळ तशीच बसले, कारण दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. इथे मांडते आहे ते त्या दोन विधानांच्या मधलं अंतर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पायलचा छळ केल्याचा आरोप तिच्या तीन सीनिअर डॉक्टरांवर आहे. त्या तिघी आरोपी आहेत, दोषी ठरलेल्या नाहीत. आरोप त्यांना मान्य नाहीत. त्यांची नावं इथे देत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे आणि त्याला त्या नावांची गरजही नाही.

आधीचं वर्ष

पायल जळगावची. तडवी भिल्ल समाज सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात राहतो. धर्माने मुस्लिम आणि अनुसूचित जमातीत मोडणारा हा समाज पुण्या-मुंबईच्या अनेकांना माहीतही नसतो. एमबीबीएस तिने मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून केलं. मे २०१८ मध्ये महापालिकेच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायरमध्ये, स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घेतला. सुरुवातीला खोली सीनिअरांबरोबर वाटून घ्यावी लागली.

तक्रारीत आणि पुढे आरोपपत्रात आलेले आरोप थोडक्यात असे : राखीव जागेवरून आणि जातीवरून टोमणे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांदेखत पाणउतारा, रुग्णांसमोर आणि कर्मचाऱ्यांसमोर अपमान, आणि ज्या कामासाठी ती तिथे आली होती ते काम, म्हणजे प्रसूती आणि शस्त्रक्रिया, करू न देणं. यातला शेवटचा आरोप बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. ज्यांच्या घरात निवासी डॉक्टर आहे त्यांना वाटणार नाही. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला सिझरच्या टेबलाशी कोण उभं करणार, वॉर्डातली कारकुनी कोण करणार, कुणाला झोपायला दोन तास मिळणार, हे सगळं वरच्या वर्षाचे सीनिअर ठरवतात. हात साफ व्हायचा तर त्यांच्याच परवानगीने. म्हणून तिथला छळ कामाच्या वेषात येतो. ड्यूटी जास्त लागली तर ती गरज होती की शिक्षा, हे कागदावर दाखवता येत नाही. कामाचा ताण आणि कामातल्या चुकांवरून बोलणं याला रॅगिंग ठरवलं जातंय, असा बचाव पुढे आला तो याच जागेवरून.

आई आबेदा तडवी कर्करोगाच्या उपचारासाठी त्याच रुग्णालयात येत असत. म्हणजे लेकीला कसं वागवतात हे त्या रुग्णाच्या बाकावर बसून बघत होत्या. पती डॉ. सलमान स्वतः मुंबईतच डॉक्टर. या घराला रुग्णालयाची भाषा कळत होती, कुठल्या दारावर टकटक करायची ते कळत होतं, आणि त्यांनी ती केलीही. कुणी जाणतं माणूस मागे नव्हतं म्हणून हे घडलं, अशी समजूत करून घेण्याची सोय हे प्रकरण आपल्याला ठेवत नाही.

युनिट बदललं

डिसेंबर २०१८ च्या सुमारास कुटुंबाने विभागातल्या वरिष्ठांच्या कानावर गोष्ट घातली. तोंडी. त्यानंतर पायलला सुमारे दोन महिने दुसऱ्या युनिटमध्ये, म्हणजे विभागातल्याच दुसऱ्या डॉक्टरांच्या गटात, हलवण्यात आलं. मग ती परत मूळच्या युनिटमध्ये आली, आणि कुटुंबाच्या म्हणण्याप्रमाणे त्रास पुन्हा सुरू झाला.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त थांबवून ठेवणारी गोष्ट हीच आहे. बाकीच्या बातम्यांत ती एका ओळीत उरकलेली असते.

युनिट बदलणं म्हणजे कुणीतरी गोष्ट ऐकली होती. नुसती ऐकली नाही, त्यावर काही करावं इतपत ती पटलीही होती. विभागात बोलणं झालं असणार, ड्यूटीचे तक्ते बदलले असणार, लेक्चररना सांगावं लागलं असणार. एका निवासी डॉक्टरला एका युनिटमधून उचलून दुसरीकडे नेणं ही प्रशासकीय कृती आहे. तिची कुठे ना कुठे नोंद होते. नोंद होत नाही ती कारणाची.

हा प्रकार आमच्याही कॉलेजात चालतो, म्हणून ओळखीचा आहे. मुलगी सांगते, अमुक मुलं बसमध्ये त्रास देतात. आम्ही म्हणतो, बाळा, तू पावणेपाचच्या बसने जात जा. वसतिगृहात खोलीतल्या मुली जातीवरून बोलतात, तर खोली बदलून देतो. दर वेळी सामान उचलतं ते तक्रार करणारं पोर. ज्याच्यामुळे तक्रार झाली त्याला कुणी काही विचारतही नाही, कारण विचारायचं म्हटलं तर लिहायला लागतं, आणि लिहिलं की प्रकरण झालं. ‘प्रकरण होऊ न देणं’ हे आमच्याकडे कौशल्य समजलं जातं. त्याबद्दल प्राचार्यांच्या निरोप समारंभात कौतुकही होतं.

शिवाय अशी बदली मुदतीची असते. दोन महिने संपले की परत तिथेच, आता ‘तक्रार करणारी’ म्हणून. डिसेंबरात कुणीतरी अर्धा कागद लिहिला असता, की अमुक तारखेला पालकांनी अमुक सांगितलं म्हणून ही बदली करत आहे, तर फेब्रुवारीत तिला परत पाठवण्याआधी तो कागद समोर आला असता. मे महिन्यात, घटनेच्या काही दिवस आधी, कुटुंबाने पुन्हा विभागाशी बोलणं केलं, तेव्हाही ती ‘पुन्हा आलेली तक्रार’ ठरली असती. कागद नसल्याने प्रत्येक वेळची तक्रार पहिलीच राहिली.

मग त्यांनीच का लिहून दिलं नाही, असं विचारणारे भेटतात. घरच्यांनी याचं उत्तर तेव्हाच दिलं होतं : लिहून दिलं तर सीनिअर आणखी त्रास देतील, शिक्षण अडेल, ही पायलची भीती होती. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, तिन्ही वर्षं त्याच मजल्यावर त्याच माणसांत काढायची. ही भीती ऐकल्यावर तिला ‘तू लिहून दे, मग बघू’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला काठावरून सूचना देणं.

लिहायचं कुणी?

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा, देशात या विषयावर झालेल्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी. रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरला तर काढून टाकायचं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. सहाव्या कलमात संस्थाप्रमुखाचं काम सांगितलंय : तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन, आणि तक्रार पोलिसांकडे. सातव्या कलमात त्याने कुचराई केली तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केलं असं मानायची तरतूद आहे. कायदा कडक आहे. पण सहाव्या कलमात एक शब्द बसलेला आहे : ‘लेखी’. तक्रार लेखी हवी. ती विद्यार्थ्यानेच करावी असं मात्र नाही. आईवडील करू शकतात आणि शिक्षकही करू शकतो. शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलंय. दोघांनी चहाचा कप खाली ठेवला, एवढाच परिणाम.

दहा वर्षांनी, हिमाचलमधल्या टांडा वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा मार्च २००९ मध्ये मारहाणीत मृत्यू झाल्यावर, विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले. वैद्यकीय परिषदेनेही त्याच वर्षी आपले केले. आयोगाच्या नियमांत ‘लेखी’ची अट उरली नाही. रॅगिंगच्या घटनेची कुठलीही माहिती मिळाली की संस्थाप्रमुखाने ताबडतोब पाहायचं, फौजदारी गुन्हा दिसत असेल तर २४ तासांत एफआयआर करायचा. माहिती कुठलीही, म्हणजे कॉरिडॉरमध्ये आईने सांगितलेली सुद्धा. २०१६ च्या दुरुस्तीने रॅगिंगच्या व्याख्येत जात, धर्म, वर्ण, लिंग, भाषा, प्रदेश, आर्थिक स्थिती यांवरून लक्ष्य करणंही आलं.

तोंडी तक्रारीचं कायद्याला अजिबात वावडं नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालच्या नियमांत पाचवा नियम आहे : ठाणे अंमलदाराला तोंडी माहिती दिली तर त्याने ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात, बाईला लेखी तक्रार करता येत नसेल तर समितीने तिला लिहायला मदत करायची, असं नवव्या कलमात स्पष्ट आहे. म्हणजे पोलिस ठाण्यातला हवालदार लिहून घ्यायला बांधील, अंतर्गत समितीतल्या बाई बांधील. कॉलेजात मात्र मूल बोलतं, प्राध्यापक ऐकतात, मान हलवतात, आणि पेन कुणीच उघडत नाही.

नंतर

नंतरचं सगळं मात्र लिखित आहे, आणि भराभर झालेलं आहे. आग्रीपाडा पोलिस ठाण्यात गुन्हा, रुग्णालयाबाहेर निदर्शनं, मे अखेरीस तिघींना अटक, तपास गुन्हे शाखेकडे. निवासी डॉक्टरांच्या मार्ड संघटनेने त्यांचं सदस्यत्व निलंबित केलं. कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीनेही थोड्या दिवसांत बऱ्याच जणांचे जबाब घेतले आणि छळ झाल्याचा निष्कर्ष काढला. समितीवर बसणारी म्हणून हे मला टोचतं. तीच माणसं, तेच अधिकार, तोच विभाग. आठवडाभरात जे काम झालं ते आधीही होऊ शकत होतं.

जुलैमध्ये आरोपपत्र आलं : आत्महत्येस प्रवृत्त करणं, अ‍ॅट्रॉसिटी कायदा, १९९९ चा रॅगिंग कायदा. तिने मागे ठेवलेली चिठ्ठी मूळ रूपात सापडली नाही. त्या चिठ्ठीची छायाचित्रं पायलच्या मोबाइलमधून न्यायवैद्यक तज्ज्ञांनी काढली. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघींना जामीन दिला, कॉलेजच्या आवारात न जाण्याच्या अटीसह. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करायला त्याच कॉलेजात परत जाऊ दिलं, साक्षीदारांवर दबाव आणू नये वगैरे अटी घालून. खटला चालू असताना आरोपीचं शिक्षण कायमचं थांबवू नये हा विचार मला कायद्याच्या अंगाने चुकीचा वाटत नाही. पण ज्या विभागातल्या ज्युनिअरांनी साक्षी द्यायच्या होत्या, त्यांनी ती बातमी कशी वाचली असेल याचाही विचार येतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये विशेष न्यायालयाने तत्कालीन विभागप्रमुखांनाही आरोपी करण्याची सरकारी पक्षाची मागणी मान्य केली. मुद्दा हाच : तक्रारी कानावर येऊनही काही केलं नाही. लगोलग मार्चमध्ये राज्य सरकारने विशेष सरकारी वकीलच बदलले आणि आबेदाताईंना त्याविरुद्ध पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली.

त्याआधी २०१९ मध्येच त्यांनी आणि हैदराबाद विद्यापीठात २०१६ मध्ये आत्महत्या केलेल्या संशोधक विद्यार्थी रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. मागणी साधी होती : विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेचे नियम कागदावर आहेत, ते कॉलेजांत उतरवा. त्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. आपल्या कॉलेजात हा अधिकारी कोण, हे दहा विद्यार्थ्यांना विचारून बघा. दहा प्राध्यापकांना विचारलं तरी चालेल. या याचिकेच्या रेट्यातून आयोगाने जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम काढले, त्यांवरून देशभर गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चेच नियम चालू ठेवले. दोन आयांनी २०१९ मध्ये जिथून सुरुवात केली, तिथेच गाडी परत आली.

आज कुणी अशा जागी असेल तर

पोच तयार करायची. प्राचार्यांना किंवा अधिष्ठात्यांना ईमेल, प्रत विद्यापीठाला, प्रत घरच्या कुणाला. ईमेलला शिक्का लागत नाही, तारीख आणि वेळ आपोआप पडते. कुणाशी तोंडी बोलणं झालं असेल तर त्याच संध्याकाळी त्यांनाच दोन ओळी पाठवायच्या : ‘सर, आज दुपारी आपल्याला सांगितल्याप्रमाणे...’ याला उत्तर नाही आलं तरी काम झालं. ग्रुपवरचे मेसेज स्क्रीनशॉट काढून दुसऱ्याच्या फोनवर पाठवून ठेवायचे, कारण ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ रात्रीत होतं. कुणी काय, कधी, कुणासमोर बोललं याची रोजची चार ओळींची वही. स्वतःच्या नावाने करायची हिंमत नसेल तर आईवडिलांनी करावी, कायदा त्यांना नावानिशी अधिकार देतो. आणि राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन, १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालते. तिचा मुख्य उपयोग माझ्या मते हा, की तक्रार कॉलेजच्या बाहेर नोंदली जाते आणि मग कॉलेजला उत्तर द्यावं लागतं.

जातीवरून शिवीगाळ किंवा अपमान असेल तर कॉलेजच्या समितीची वाट पाहायची गरज नाही. पोलिस ठाण्यात जाता येतं, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. सोबत कुणीतरी न्यावं. एकट्याने त्या बाकावर बसणं जड जातं.

मन खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर हे सगळं नंतर. आधी १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन, मराठीत बोलता येतं, किंवा जो जवळ असेल त्याला हाक. तक्रार कुठे पळून जात नाही.

आमच्या समितीत एक बदल मी भांडून करून घेतला. रजिस्टरला एक रकाना वाढवला : ‘तोंडी कळलेले’. प्राचार्यांना तो आवडला नव्हता. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची माणसं बघतील तर काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. मागच्या पावसाळ्यात एका वडिलांचा फोन आला. मुलगा पहिल्या वर्षाला, वसतिगृहात त्याला आडनावावरून हाका मारतात, गादी व्हरांड्यात टाकतात. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही लिहू बिहू नका. फक्त लक्ष ठेवा.”

मी म्हटलं, “दादा, लिहिते. वाचून दाखवते. चुकीचं वाटलं तर सांगा.” फोनवरच वाचून दाखवलं. दोन शब्द त्यांनी बदलायला लावले. व्हरांड्यात नाही, मोरीत टाकली होती गादी. नाव घालू नका म्हणाले. नाव घातलं नाही, नंबर तेवढा ठेवला. मग आवक क्रमांक आणि तारीख त्यांना मेसेज केली.

पाच मिनिटांनी परत फोन. “ह्या नंबरचं काय करायचं, मॅडम?”

“सोमवारी मला फोन करायचा आणि हा नंबर सांगून विचारायचं, काय केलंत म्हणून.”

सोमवारी त्यांनी केला. सकाळी आठलाच, मी अजून घरी होते.